जिरलेली ओल

आमच्या दर्यापूरच्या घरामागच्या विहिरीला बारा महिने पाणी असायचं. निवळशंख, आभाळ दाखवणारं. त्या पाण्यात कपडे धुतले तर साबणाला फेस येत नसे, डाळ चढवली तर ती शिजता शिजत नसे, चहाला वापरलं तर दूध फाटायचं, आणि उन्हातून खेळून आलेल्या पोरानं न राहवून ओंजळभर प्यालंच तर तहान भागायच्या ऐवजी चवताळून उठायची. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा असा पसरलेला हा खारपाणपट्टा. पिण्याचं गोडं पाणी बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून, वाटीवाटीनं घागर भरत आणायच्या. पुढे शहानूर धरणाचं पाणी नळानं आलं, तरी माय मात्र अखेरपर्यंत माठातलं पाणी मोजूनच देत राहिली. "पाणी हाये भरपूर, पन पेण्याचं नाई," असं ती पाहुण्यांना सांगायची, विहिरीच्या वतीनं माफी मागितल्यासारखं.

या वैशाखात ती विहीर माझ्या तोंडात उतरली आहे.

अमरावतीच्या रात्री कूलरशिवाय निघत नाहीत. वाळ्याच्या ताट्या भिजल्या की खोलीभर ओला, मातकट, थोडासा देवघरासारखा वास पसरतो. पंप गुरगुरत राहतो, पाण्याचे थेंब ताटीवरून ठिबकतात, आणि एवढ्या ओलाव्याच्या मधोमध मी जागी होते ती जीभ टाळूला चिकटलेली घेऊन. ती सोडवताना जो बारीकसा आवाज होतो तो मला एकटीलाच ऐकू येतो. ओठांच्या आतली कातडी दातांना धरून बसते. आवंढा गिळावा म्हटलं तर गिळायला काही नसतं. घसा नुसताच वर जातो, खाली येतो, रिकाम्या विहिरीत पोहरा सोडल्यागत. उशाशी तांब्या असतो. मी एक घोट घेते, तोंडात धरून ठेवते, गालांच्या आत, जिभेखाली, हिरड्यांवरून फिरवते. पाणी जातं आणि कोरड तशीच परत येऊन बसते.

घशात गाठ निघाली आहे. तुकडा काढून तपासून झाला, कागद झाले, आता मुंबईची तारीख यायची आहे. घरात हल्ली तारीख म्हटलं की एकच तारीख. आमच्याकडे पूर्वी हा शब्द शेतीच्या वादातल्या कोर्टासाठी होता, आणि तेव्हाही माणसं अशीच फोन वाजला की हातातलं काम टाकून उभी राहायची. निदान आणि उपचार यांच्यामधल्या या दिवसांना नाव नाही. आजारी म्हणावं तर औषध सुरू नाही. बरी म्हणावं तर कोणी म्हणू देत नाही.

माणसाच्या तोंडात दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ झरते, हे मला इथल्या डॉक्टरांकडून कळलं. कानांपुढे, जबड्याखाली, जिभेखाली अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि तोंडभर बारीक बारीक शेकडो. साठ वर्षं त्या आत झरत होत्या आणि मला त्यांचं अस्तित्व ठाऊक नव्हतं. लाळ म्हणजे तान्ह्या बाळाची पुसायची गोष्ट, लालचावलेल्या माणसाला हिणवायची गोष्ट. तिच्यावाचून भाकरीचा घास तोंडात वाळूसारखा फिरत राहतो, चव जिभेपर्यंत पोचतच नाही, शब्दसुद्धा अडखळतात, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, गाठीनं लाळ आटवली का? ते म्हणाले, तिच्याहून जास्त दुखण्याच्या गोळ्यांनी, झोपेच्या गोळीनं, तोंडानं श्वास घेण्यानं, कमी पाण्यानं. आणि भीतीनंही. मग थोडं थांबून, खोटं बोलायचं नाही असं ठरवलेल्या माणसाच्या सावकाशीनं त्यांनी सांगितलं की खरी कोरड किरणांच्या वेळी येईल. आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे किरणं द्यायची. लाळेच्या ग्रंथी वाटेतच असतात. आताची यंत्रं त्यांना शक्य तेवढं वगळतात, तरी काही आटतंच.

म्हणजे दुष्काळ अजून यायचाच आहे.

भुकेचं आणखी वेगळं. भूक मेली असं आपण सहज म्हणतो; मेली असती तर तिचं सुतक तरी पाळता आलं असतं. ती नुसती घर सोडून गेली. सकाळी दहाच्या सुमाराला शेजारच्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडते, हिंगाचा, लसणाचा, जिऱ्याचा वास भिंत ओलांडून येतो, आणि ज्या वासानं आयुष्यभर माझे पाय आपोआप चुलीकडे वळले त्याच वासानं पोटात काहीतरी मागे सरतं. तव्यावरची भाकर फुगताना पाहते. ती सुंदर दिसते, पण खायची वस्तू वाटत नाही. वांग्याची भाजी नि रोडगे, अंबाडी, गोळ्याची कढी, ही नावं मनात म्हणून पाहते, आणि ती ओळखीच्या पण आता फार दूर राहायला गेलेल्या माणसांची नावं होऊन बसतात.

आणि आमचा मुलूख तर खाण्या-खिलवण्याचा. इथं संतसुद्धा पहिल्यांदा दिसला तो जेवताना: गजानन महाराज, शेगावात, २३ फेब्रुवारी १८७८ ला, बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. इथं माणूस माणसाला भेटला की ख्यालीखुशालीच्या आधी विचारतो, जेवण झालं काय? आता तोच प्रश्न दिवसातून किती वेळा माझ्या दिशेनं येतो. जावा विचारतात, मुलगी पुण्याहून फोनवर विचारते, दूधवाला विचारतो. "काई खाल्लं का वो काकू?" मास्तर, म्हणजे आमचे हे, काही विचारत नाहीत, ते माझ्या ताटाकडे पाहतात. मी वरणभाताचा ढीग चमच्यानं इकडून तिकडे सारते, म्हणजे मधे खड्डा पडून खाल्ल्यासारखं दिसतं, आणि त्यांना ते कळतं, आणि त्यांना कळलं हे मला कळतं.

गंमत अशी की माझ्या ताटाकडे आजवर कोणी पाहिलंच नव्हतं. मायच्याही कोणी पाहिलं नाही. पुरुषांची पंगत, मग पोरं, मग सालदार, आणि दुपार कलल्यावर चुलीच्या उबेला पाठ लावून माय बसायची; भाकर उरली असली तर भाकर, नाहीतर पातेल्याला धरलेली खरवड आणि तिखटाची चिमूट. तिला त्या वेळी भूक किती असायची? अर्ध्या भाकरीची, दोन भाकरींची? तिलाही ते माहीत नसावं. मी तशीच शिकले. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला भूक लागायची ती सगळ्यांचं आटोपल्यावर, जणू तिलाही वळण लावलेलं. आज ती नाही, तर घरातले सगळे तिच्या शोधात निघाले आहेत. मला याचा राग येतो. मग त्या रागाची लाज वाटते. मग मास्तर आंबील घेऊन येतात, ज्वारीचं पीठ ताकात कालवून, गाठी राहू नयेत म्हणून गाळण्यातून गाळून, आणि राग कुठं ठेवावा ते सुचत नाही. सत्तरीच्या माणसानं जन्मात पहिल्यांदा चूल पेटवली की त्याच्या हाताला चटके बसतातच. तो ते लपवतो आणि मी पाहिलं नाही असं दाखवते.

एक गोष्ट मात्र मन हलकं करून गेली. ही अन्नावरची वासना उडणं म्हणजे नखरे नव्हेत, मनाचा कमकुवतपणा नव्हे. गाठ आणि तिच्याशी झुंजणारं शरीर रक्तात अशी रसायनं सोडतात की मेंदूतलं भुकेचं ठाणंच मंदावतं. हे मास्तरांना समजावून सांगितलं त्या दिवसापासून त्यांनी "तुझ्या मनात असलं तर जाईल घास" म्हणणं सोडलं.

तपासणीसाठी नागपूरला गेलो होतो तेव्हाचं आठवतं. पेट स्कॅन. उपाशी यायला सांगितलं होतं, ते मला फार सोपं गेलं. शिरेतून एक साखर सोडतात, साधी नव्हे, किंचित किरणं फेकणारी. मग अंधाऱ्या खोलीत न बोलता पडून राहायचं. शरीरात ज्या पेशी साखर अधाशासारखी ओढून घेतात त्या चित्रात उजळतात. मेंदू तर उजळतोच, तो कायमचा खादाड. आणि त्याच्या खाली, गळ्यात, तो दुसरा ठिपका. मी चित्राकडे बघत राहिले. माझ्या अंगातली भूक हरवली नव्हती तर. माझ्या ताटावर माझ्या आधी दुसरंच कोणी जेवून घेत होतं.

घरातल्या बाईला ही गोष्ट नवी नाही, असा एक विचार तेव्हा मनात येऊन गेला आणि मी त्या खोलीत एकटीच हसले.

गाडगेबाबा याच खाऱ्या पट्ट्यातले. १८७६ साली शेंडगावात जन्मले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे ढोरं राखत वाढले, आणि २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. गावात शिरले की आधी खराटा, मग भाकर. तीही मागून आणलेली, आपल्या मडक्यात घेतलेली. लोकांनी करायच्या गोष्टींची जी यादी ते सांगत तिच्यात पहिलं भुकेल्यांना अन्न आणि लगेच तहानलेल्यांना पाणी. कोरड्या रात्री मी त्या यादीपाशी अडते. ज्याची भूकच गेली त्याला काय द्यावं, बाबा? तहान आहे पण पाण्यानं भागत नाही, त्याला? मग आठवतं की दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात येणारी गावोगावची माणसं तिथं राहतात. ते रुग्णालय १९४१ सालचं, आणि आमच्याकडे अजूनही कॅन्सर हा शब्द तोंडावर न आणता "त्याले टाटाले नेलं" एवढंच म्हणतात, आणि ऐकणारा समजतो. धर्मशाळेत गाठोडी असतात, सतरंज्या असतात, दोरीवर वाळणारे टॉवेल असतात, आणि सगळे कशाची ना कशाची वाट पाहत असतात. भूक नसलेल्याला थांबायला जागा द्यावी, हेच बाबांचं उत्तर असेल का? जेव म्हणू नये. सतरंजी अंथरावी.

मोझरीच्या तुकडोजी महाराजांनाही कॅन्सरनंच नेलं, ११ ऑक्टोबर १९६८ ला. खंजिरीवर गावंच्या गावं जागी करणारा तो गळा. त्यांच्या पुण्यतिथीला तिथल्या गुरुकुंज आश्रमात हजारो माणसं दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन राहतात. लहानपणी मायचा पदर धरून मी त्या गर्दीत उभी होते. एवढी माणसं, आणि पाखराचा आवाज स्पष्ट यावा इतकी शांतता. त्या शांततेत मी आवंढा गिळला आणि तो केवढा मोठ्यानं वाजला! सगळ्यांनी ऐकलं असणार म्हणून मी घाबरून वर पाहिलं. आता कधी वाटतं, तो आवंढा एकदा पुन्हा ऐकायला मिळावा.

दिवस मात्र अशा विचारांवर निघत नाही, तो चमच्या-चमच्यानं निघतो. सकाळी उठल्या उठल्या थोडी इच्छा असते, तेव्हाच जे जाईल ते. संध्याकाळवर भरवसा नाही. ताट नको, वाटी. दर दोन-अडीच तासांनी काहीतरी, मऊ आणि गार, कारण गार अन्नाला वास कमी. ताकात, खिरीत, पातळ भातात दाण्याचं बारीक कूट किंवा दुधाची पावडर मिसळायची, म्हणजे दोन चमच्यांत चार चमच्यांचं बळ. स्टीलचा चमचा तोंडात लोखंडासारखा लागतो म्हणून लाकडाचा. कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा चिमूटभर घालून गुळण्या. ओठांना रात्री तूप. बर्फाचा खडा जिभेवर ठेवून तो स्वतःहून विरघळेपर्यंत काही करायचं नाही, हे मला सगळ्यात आवडतं. गोळ्यांपैकी कोणती तोंड कोरडं करते ते डॉक्टरांना विचारलं, त्यांनी एक बदलून दिली. आपल्या मनानं बंद करू नका, हे दोनदा बजावून.

या सगळ्याचं बळ फार नाही. पण आमच्या माहेरच्या शेतात ओलीत कधी झालंच नाही. खारं पाणी दिलं तर जमीनच चोपण होते. तिथला हरभरा पावसाळ्यात जिरलेल्या ओलीवर येतो. वर काळ्या मातीला भेगा पडलेल्या, पाय आत जाईल एवढ्या, आणि खाली हातभर खोल कुठंतरी गारवा धरून ठेवलेला. मूळ तो शोधत उतरतं. थंडीत पहाटे पानांवर आंबट दव असायचं. आम्ही पोरं ते जिभेनं टिपायचो.

परवा गच्चीवर कुरडया झाल्या. यंदा नको, वयनींची तब्येत, असं जावांचं चाललं होतं. मीच करा म्हटलं. गहू तीन दिवस भिजले, रोज त्यांचं पाणी बदललं, आंबूस वास घरभर झाला आणि आश्चर्य म्हणजे तो मला सोसला. वाटून, पिळून काढलेला चीक रात्रभर बसला. पहाटे वरचं निवळ पाणी ओतून टाकलं, आधणात मीठ-हिंग पडलं, आणि धाकटी जाऊ चीक घाटायला लागली तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर खांबाला टेकून बसले होते. उजाडत होतं. चीक पांढऱ्याचा काचेसारखा होत चालला, त्यातून वाफ निघत होती, आणि गच्चीवर साड्या, धोतरं अंथरून बायका सोऱ्या घेऊन वाट पाहत होत्या. इतक्यात जाऊ पळी घेऊन माझ्यापाशी आली.

"वयनी, मीठ पाहा न."

गेले कितीतरी दिवस सगळे मला खा म्हणत होते. मीठ पाहा असं कोणी म्हटलं नव्हतं. दरवर्षी चिकाचं मीठ मीच पाहते. या घरात तो माझा मान. मी बोटावर घेतला, फुंकला, जिभेवर ठेवला. जिभेला फारसं काही कळलं नाही. पण तो गरम, गुळगुळीत, ओलाच ओला घास घशाजवळच्या दुखऱ्या वळणावरून न अडता खाली उतरला, आणि त्याच्यामागून दुसरा जाईल असं वाटलं.

"थोडं कमी हाये," मी म्हटलं.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि निमूट चिमूटभर मीठ टाकलं.

वाटीभर चीक मी नंतर खाल्ला, दूध घालून. उन्हं वर आली, पांढऱ्या जाळीदार चकत्यांनी गच्ची भरली, आणि पुतणी कुठूनशी कैरी घेऊन आली. हिरवीगार, देठाशी चीक सुकलेली. तिनं ती उंबऱ्यावर आपटून फोडली, तिखटमीठ लावलं आणि कचकन चावा घेतला. तो आवाज कानावर पडला मात्र, माझ्या दोन्ही कानांखाली एक बारीक, गोड कळ निघाली, जबड्याच्या सांध्यातून जिभेखाली धावली, आणि तोंडात पाणी आलं. माझ्या तोंडात. भूक नव्हती, कैरी खायची इच्छाही नव्हती, खाल्ली असती तर घशाला झोंबलीच असती; तरी त्या ग्रंथींना कोणी हाक मारली आणि त्यांनी ओ दिली.

मी आवंढा गिळला. वाजला.

अकोटजवळच्या अकोलीची गोष्ट पोथी वाचणाऱ्या घरांत सगळ्यांना पाठ असते. तहानलेल्या गजानन महाराजांना भास्कर पाटलानं पाणी नाकारलं, तेव्हा ते शेजारच्या कोरड्या विहिरीपाशी गेले आणि ती पाण्यानं भरली. जाऊ पारायणाला बसते, एकवीस अध्याय, माझ्या नावानं. चमत्कारावर माझा विश्वास बेताचाच. भास्कराला शरण जायला लावणारं ते भरलेलं पाणी मला लहानपणीही तितकं भावलं नाही. मला आवडायचे ते त्याच्या आधीचे क्षण: कोरड्या विहिरीच्या काठावर तहानलेला माणूस बसून आहे, आणि अजून काहीच झालेलं नाही.

काल तारीख आली. फोन मास्तरांनी घेतला, कागदावर लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. त्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन खराब दाढा काढून घ्यायच्या, कारण किरणांनंतर जबड्याची जखम भरायला अवघड जाते. अंबा एक्सप्रेसची तिकिटं निघाली. अकोल्याची बहीण रात्री स्टेशनवर डबा घेऊन येणार आहे; गाडी तिथं थोडा वेळ थांबते, तेवढ्यात खिडकीतून दिलेला डबा आणि घेतलेला हात एवढंच होतं. तिनं फोन केला.

"काय आणू वं? खीर आणू? पेज आणू थर्मासात?"

"तिखटमिठाच्या पुऱ्या आण."

"तुले चालतीन काय तिखटाच्या?"

"मले नाई. मास्तर कालपासून नीट जेवले नाईत."

ती गप्प झाली. मागून तिच्या घरातला कूलर ऐकू येत होता.

"अन् जराशा जास्तच आण," मी म्हटलं. "एखादी लागली त."